ऐकून घेण्यापूर्वी

अनुवाद 24:16 मध्ये इस्राएल लोकांना एक नियम घालून दिलेला आहे. मुलाच्या अपराधाची शिक्षा बापाला होऊ नये व बापाच्या अपराधाची मुलाला होऊ नये. ज्याने पाप केले त्यानेच ते भोगावे. हा नियम आपणा सर्वांना मान्य आहे. परंतु तो पाळणे किती कठीण आहे, हे आजच्या एका व्यवहारावरून दिसून येते. आपल्या मंडळीतील तरुणांच्या पोटापाण्याशी त्याचा संबंध असल्यामुळे त्याचा येथे विचार करू.

आमच्या कारेलीबागेत काय किंवा अन्य गावी काय, घरी बसून मोबाईलची ॲप तयार करणारे तरुण आज आढळतात. ही ॲप लोकांपर्यंत पोहोचवणारी मोठी दुकाने दोनच, गुगलचे व ॲपलचे. तेथे खाते उघडण्यासाठी गुगलला एकदाच 25 डॉलर व ॲपलला दरवर्षी 99 डॉलर द्यावे लागतात. खाते बंद झाले की धंदाच बसला. गुगलच्या नियमाप्रमाणे एखादे खाते गैरवर्तनासाठी कायमचे बंद झाले, तर त्याच्याशी संबंधित असलेली इतर खातीही बंद केली जातात. हा संबंध कोणत्या खुणेवरून जोडला, हे मात्र बहुधा कळवले जात नाही. एका घरातील दोघे भाऊ एकच संगणक वापरतात. जुन्या भागीदाराचे नाव खात्यावर तसेच राहून गेलेले असते. अशा वेळी एकाच्या लबाडीमुळे दुसऱ्याच्या तोंडचा घास जाऊ शकतो.

दुकानदाराची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. कर्ज देणाऱ्या लबाड ॲपनी आपल्या देशात किती कुटुंबांना रडवले, हे सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल 2021 ते जुलै 2022 ह्या काळात गुगलने अशी अडीच हजारांहून अधिक ॲप काढून टाकली, असे सरकारने संसदेत सांगितले. 2024 साली ॲपलने फसवणुकीच्या कारणावरून 1,46,000 हून अधिक व गुगलने 1,58,000 खाती बंद केल्याचे त्या कंपन्यांनी जाहीर केले. लबाड मनुष्य एक खाते गेले की भावाच्या किंवा मित्राच्या नावाने दुसरे उघडतो. तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने संबंध पाहूच नये, असे आम्ही म्हणत नाही. संशय आल्यावर त्याने दार तात्पुरते लावून घेतले, तरी त्यास दोष देता येणार नाही.

पण संशयावरून चौकशी सुरू व्हावी. निकाल देऊ नये. योहान 7:51 मध्ये निकदेम परूश्यांना नेमके हेच विचारतो. प्रभू येशू निर्दोष आहे, असे तो तेथे म्हणत नाही. मनुष्याचे ऐकून घेण्यापूर्वी व त्याने काय केले हे समजण्यापूर्वी आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय, एवढेच तो विचारतो. तेवढ्यावरूनच त्याला टोमणा ऐकावा लागला. खाते बंद झालेल्यास अर्ज करण्याची सोय आहे, हे खरे. परंतु आरोपच नीट कळला नाही, तर त्याने उत्तर तरी कशाचे द्यावे? पुरावा उघड केला तर लबाडांना पळवाटा सापडतील, असे कंपन्यांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. तरीही युरोपात 2024 पासून पूर्णपणे लागू झालेल्या कायद्याने अशा निर्णयाची कारणे देणे आवश्यक ठरवले आहे. तसेच त्यावरील तक्रार केवळ यंत्राच्या भरवशावर निकालात काढता येत नाही. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही.

हे पाप यंत्राने जन्मास घातले, असेही समजू नये. 1871 सालचा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्मलेल्यांवर केवळ जन्मावरून चोरीचा शिक्का बसला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. देशात अशा काही वसाहती चालवण्याचे काम मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही पत्करले होते. त्यांनी शाळा दिल्या, कामधंदा शिकवला. पण कुंपण तसेच राहिले. 1952 साली कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातला शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही.

आणि आपल्या मंडळीत तरी काय चालते? एका भावाने मंडळीच्या पैशाचा घोटाळा केला, तर पुढे त्या घरातील कोणासही खजिनदार करीत नाहीत. शब्बाथ शाळेत अर्पणाचे पैसे कमी भरले, तर ज्याचा थोरला भाऊ पूर्वी सापडला होता त्याच मुलाकडे शिक्षकाची नजर प्रथम जाते. त्या मुलास आपण काही बोललो नाही, तरी ती नजर त्यास कळते.

यरुशलेमेतील शिष्यही शौलाला भीत होते (प्रेषितांची कृत्ये 9:26-27). त्यांची भीती निराधार नव्हती. त्याने मंडळीचा छळ केलाच होता. तरी बर्णबाने त्यास जवळ केले, प्रेषितांकडे नेले व दिमिष्कात काय घडले ते त्यांना सांगितले. त्याने शौलाचा भूतकाळ झाकला नाही. त्याची हकीकत ऐकली जाईल, एवढी व्यवस्था त्याने केली, आणि त्यासाठी स्वतःचे नाव पणास लावले.

तरुणांनाही एक सांगणे आहे. पैशाच्या मोहाने किंवा भिडेखातर आपले खाते दुसऱ्यास वापरू देऊ नका. परक्यास जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रांत जो इशारा आहे, तो येथेही लागू पडतो. मात्र जो निर्दोष असून अडकला आहे, त्याला मंडळीने एकटे सोडू नये. त्याचा अर्ज लिहिण्यास कोणी जाणत्याने बसावे, कागदपत्रे तपासावी, आणि खात्री पटल्यास त्याच्यासाठी शब्द टाकावा. कंपनीचा नियम बदलणे आपल्या हाती नसेल. पण येत्या रविवारी त्या तरुणाशेजारी बसून त्याची सर्व हकीकत विचारणे आपल्या हाती आहे.