सहलीच्या यादीत एक चित्रदालन

वऱ्हाडातून कोल्हापूरला जायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं महाराष्ट्र एक्स्प्रेसचं. गोंदियाहून सुटलेली ही गाडी बडनेरा, अकोला, भुसावळ, पुणे करत राज्याचं दुसरं टोक गाठते. सुट्ट्यांत तिच्यात अमरावती-अकोल्याची कितीतरी कुटुंबं असतात आणि त्यांच्या सहलीचा बेत बहुधा ठरलेला असतो: अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा, शेवटी चपला आणि गूळ. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय या यादीत क्वचितच सापडतं. ते सापडायला हवं.

चंद्रकांत मांडरे मराठी प्रेक्षकांना माहीत आहेत ते पडद्यावरचे. ‘सांगत्ये ऐका’ आजी-आजोबांनी पाहिलेला असतो, शिवाजी महाराजांच्या भूमिकेतले चंद्रकांतही त्यांना आठवतात. हाच माणूस आयुष्यभर चित्रं काढत होता, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांनी आपलं राहतं घर आणि चित्रं सरकारच्या हवाली केली. पावडर शेडिंग हा त्यांचा खास हातखंडा. कोरडी रंगपूड कागदावर चोळत, हलकी-गडद करत चित्र उभं करायचं. ब्रशाचा फटकारा नाही, पाण्याचा ओघळ नाही. पुस्तकात छापलेल्या चित्रात ही पूड दिसत नाही. जवळ जाऊन पाहिलं की कागदाच्या खरखरीत अंगावर ती कुठे धरली आणि कुठे निसटली, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. आकाश इतकं मऊ कसं झालं, हा प्रश्न मग त्याचं तेच विचारतं.

हे मूल बहुतेक वेळा चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा देणारं असतं. वऱ्हाडातल्या शाळाशाळांतून दरवर्षी मुलं या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन यांचा सराव करतात, पोस्टर कलरच्या बाटल्या संपवतात. पुढे इंटरमिजिएटही होते आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात. एवढ्या प्रवासात एखाद्या चित्रकाराचं मूळ चित्र समोर उभं राहून पाहण्याचा योग किती जणांना येतो? संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाने कधी मैफल ऐकलीच नाही, असं सांगितलं तर आपण हळहळू. चित्रांच्या बाबतीत मात्र हेच आपण निमूटपणे चालवून घेतो.

यावर कुणी म्हणेल, अजिंठा तर वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर आहे. आहेच, आणि तो पाहायलाच हवा. पण 30 लेणी, उन्हात तापलेल्या पायऱ्या, चित्रांच्या रक्षणासाठी मुद्दाम मंद ठेवलेला उजेड आणि मागून सरकणारी रांग, यात लहान मूल पहिल्या अर्ध्या तासातच थकतं. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यातली चित्रं बघायची तर सवड हवी, डोळे अंधाराला सरावायला हवेत. थोरांनाही तिथे दडपायला होतं. बघण्याची सवय आधी कुठेतरी लहान जागी लागलेली बरी.

लहान दालनाचं मोठेपण इथेच आहे. ते अर्धा-पाऊण तास मागतं, अख्खा दिवस मागत नाही. “झालं ना पाहून? चाला मंग,” असं म्हणणारे बाबाही तेवढा वेळ कुरकुर न करता देतात. भिंती चार, चित्रं मोजकी, म्हणून मूल एका चित्रापाशी परत जाऊ शकतं. आजी बाकावर बसून समोरचं एकच चित्र न्याहाळू शकते. मोठ्या संग्रहालयात कुटुंब विखुरतं; इथे सगळे एकाच चित्रापुढे जमतात आणि त्यावर बोलतात.

औंधचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्याच मार्गावर सातारा जिल्ह्यात रहिमतपूर स्टेशन लागतं, तिथून औंध जवळ. यमाई अनेकांची कुलदेवता, त्यामुळे देवीच्या डोंगरावर माणसं येतातच. त्याच डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी श्री भवानी संग्रहालय उभारलं आणि 1938 साली ते लोकांना खुलं केलं. संस्थान चिमुकलं, पण राजा स्वतः चित्रकार. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं त्यांनी जमवली, आणि इंग्लंडच्या हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. मूरचं नाव जगभर गाजलेलं; त्याचं काम एका खेड्याच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर पाहायला मिळतं. संग्रह मुंबई-पुण्यात नेऊन ठेवायची गरज राजाला वाटली नाही. लोक जिथे पाय झिजवत येतात तिथेच त्याने चित्रं लावली.

कोकणात उतरणाऱ्यांनी कुडाळजवळ पिंगुळीला थांबावं. परशुराम गंगावणे यांनी तिथे आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं आहे. चित्रकथीची चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे आहेत, आणि रामायणातलं एकेक चित्र समोर धरून गात कथा सांगणारी ठाकर समाजाची माणसंही. गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. जे घरातून नाहीसं होत चाललं होतं ते घरातच, घरच्याच माणसांनी राखलं, ही पिंगुळीची खरी शिकवण. सरकारी इमारत, फीत, उद्घाटन यांची वाट त्यांनी पाहिली नाही.

मग वऱ्हाडाने फक्त बाहेरगावीच जाऊन पाहायचं का? अमरावती-अकोल्याची निम्मी सहल तर चिखलदऱ्यालाच जाते. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, गाविलगड, वाटेत कॉफीचे मळे, आणि संध्याकाळी परतवाड्याकडे परत. या सगळ्या वाटेवर ज्यांची गावं लागतात त्या कोरकूंची कला मात्र प्रवाशाच्या नजरेस पडत नाही. कोरकू आपल्या मृतांसाठी सिडोलीचा विधी करतात आणि लाकडी मुंडा उभारतात. सागाच्या फळीवर सूर्य-चंद्र कोरलेले, त्याखाली घोड्यावरचा स्वार. खोदकाम उथळ, रेषा ठाम. घोड्याचे पाय, लगाम, स्वाराचा ताठ कणा चारदोन घावांत पुरा होतो. चिखलदऱ्याच्या थंड हवेचं कौतुक करणाऱ्या शहरी कुटुंबाला ही फळी कधी भेटतच नाही. ती भेटावी म्हणून चिखलदऱ्यालाही कोरकू कलेचं एक लहान दालन हवं.

अमरावती भागाच्या उत्तरेला, सातपुड्यात, 2007 साली अमरावतीच्या निसर्गप्रेमींना चित्रं असलेली प्राचीन शैलाश्रयं सापडली. अंबादेवी शैलाश्रयं म्हणून ती आता ओळखली जातात. डोंगर चढून तिथवर पोचणं लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जमणारं नाही, आणि सहलींचे लोंढे तिथे नेणंही चित्रांच्या हिताचं नाही. पण चांगल्या प्रतिकृती, त्याच मापाच्या, खाली एखाद्या दालनात लावता येतील. नक्कल म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. अजिंठ्याची चित्रं इंग्लंडने पहिल्यांदा पाहिली ती रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या प्रतींमधूनच. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल स्वतः भुसावळला, रेल्वेच्या याच मार्गावर, चिरविश्रांती घेतो आहे.

चिखलदऱ्याच्या दालनाबद्दल एक आक्षेप रास्त आहे. मुंडा ही मृताच्या आठवणीची वस्तू आहे. ती उपटून काचेच्या कपाटात ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांना घरातून उचलून आणणं. जुने मुंडे गावातच, झाडाखालीच राहिले पाहिजेत, यावर तडजोड नको. दालनासाठी कोरणाऱ्यांनी नव्याने कोरावं, त्याचा योग्य मोबदला घ्यावा. काय दाखवायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे कोरकू गावांनी ठरवावं. फलक कोरकूत आणि मराठीत असावेत. समजावून सांगणारा माणूस गावातलाच असावा आणि तिकिटाचे पैसे गावाच्या हाती पडावेत. जागा मोठी लागत नाही. परतवाड्याहून घटांगमार्गे वर चढणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं कौलारू घर आणि त्यात पडणारा चांगला उजेड एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात पॉइंटवरच्या कठड्यांना आणि सेल्फीच्या चौकटींना पैसा मिळतो, तर या दोन खोल्यांची मागणी अमरावतीच्या शाळांनी, कलाशिक्षकांनी आणि पालकांनी आधी लेखी करावी.