लासलगावचा भाव आणि औषधाचं कपाट

गंगापूर रोड, नाशिक
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. सोनीस,


तू मोबाइलवर दोन ओळींत विचारलंस आणि मी पानंच्या पानं लिहायला बसलोय. निवृत्त माणसाला कागद स्वस्त असतो. जनावरांचा दवाखाना सुरू होऊन तीन महिने झाले, आता कोणती मासिकं लावू, कुठल्या वेबिनारला बसू, नवीन माहितीत मागे पडायला नको, असं तू म्हणतेस. प्रश्न चांगला आहे, फक्त त्यात ‘मी’ फार आहे. तुझ्याकडे पन्नाशीचे कंपाउंडरभाऊ आहेत. फोन घेणारी, केसपेपर काढणारी मुलगी आहे. दिंडोरीकडे गाडी हाकणारा आणि खोड्यातल्या गाईचं मुंडकं दाबून धरणारा पोरगा आहे. बातमी तू वाचलीस आणि या तिघांना कळली नाही, तर ती दवाखान्यात आलीच नाही असं धर.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. 2006 साली डायक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झालं तेव्हा मी डोंगरपट्ट्यातल्या एका दवाखान्यात होतो. परिपत्रक आलं, मी वाचलं, सही केली, फाइलला लावलं. काही महिन्यांनी एका लंगड्या बैलाला सुई द्यायची होती. कंपाउंडरने भरून आणलेल्या सिरिंजबरोबरची बाटली सहज पाहिली, तर तीच! त्याला काय बोलणार? कपाटाची किल्ली त्याच्याकडे, मागणी लिहायचा तो, आणि परिपत्रक माझ्या फाइलमध्ये. त्या मधल्या काळात किती सुया गेल्या असतील याचा हिशेब मी कधी केला नाही, करवला नाही.

तुला कॉलेजात हे शिकवलं असेलच, पण तुझ्या माणसांना त्यांच्या भाषेत सांग. सुई दिलेलं जनावर मेलं, गावाबाहेर टाकलं, गिधाडांनी खाल्लं, की मांसातल्या औषधाने गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांवरून 2004 मध्ये हे उघड झालं. तोवर आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त संपली होती. आमच्या लहानपणी मेलेल्या बैलावर त्यांची अशी झुंबड असायची की माणूस जवळ जायला धजत नसे. आता अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची थोडी टिकून आहेत. हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली. त्या जागेवर जाणारं जनावर कदाचित तुझ्याच दवाखान्यातून गेलेलं असेल.

ही बातमी 2006 मध्ये संपली नाही. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात फिरत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही तीन मिलिपर्यंतच्या एकाच डोसात आणलं. जुलै 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झाले. ॲसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे पाटी बदलली, दुकान तेच. पुढे निमेसुलाइडही त्या यादीत गेलं. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम हाताशी आहे, टोल्फेनॅमिक ॲसिड आहे. आज दवाखाना बंद करण्याआधी कंपाउंडरभाऊंना बरोबर घेऊन कपाट रिकामं कर. त्यांच्याच हाताने बाटल्या बाजूला काढव. औषधाचा एजंट ‘दहावर दोन फुकट’ म्हणत त्यांच्याकडे येतो, तुझ्याकडे नाही. आणि केसपेपरवर नुसतं ‘पेनकिलर’ लिहू नका, औषधाचं नाव लिहा. जनावर दगावलं आणि कोणी खोरीपाड्याला न्यायचं म्हणालं, तर तो कागद पाहून हो की नाही सांगता येईल.

आता दुसरी गोष्ट. बातमी म्हटलं की तुम्हा मुलांना दिल्ली नाही तर परदेश आठवतो. नाशिकच्या गुरांच्या डॉक्टरने सकाळी आधी लासलगावचा कांद्याचा भाव बघावा. हसू नकोस. भाव पडला की कांदा बाजारात जात नाही, बांधावर ओतला जातो. मग चारा वाचतो म्हणून तो गव्हाणीत येतो. दोनचार दिवसांनी फोन सुरू होतात: गाय खात नाही, धापा टाकते, लघवी कॉफीसारखी होते. कांद्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी तांबड्या पेशी फुटतात. गाईला हे लवकर बाधतं, शेळ्यामेंढ्या बऱ्याच तग धरतात. लाल लघवी म्हटली की आपला हात सवयीने गोचीडतापाच्या औषधाकडे जातो, आणि ताजी व्यायलेली म्हैस असेल तर फॉस्फरसकडे. दोन्ही खरं असू शकतं. पण डोळ्याची पापणी पांढरी, तोंडाला कांद्याचा वास आणि ताप नाही, असं असेल तर आधी गव्हाण बघ. यावर उतारा औषध नाही. कांदा बंद करायचा, जनावराला धावपळ होऊ द्यायची नाही, सलाईन, आणि फारच उतरलं तर दुसऱ्या गाईचं रक्त. म्हणून भाव कोसळला त्या आठवड्यात फोनवरच्या मुलीने पहिला प्रश्न हाच विचारायचा: “दादा, कांदा टाकलाय का गाईपुढे?” त्या एका प्रश्नाने तुझी निम्मी फेरी वाचेल.

संध्याकाळच्या तुझ्या कुत्र्या-मांजरांनाही हे लागू आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या लॅब्राडोरला कोणी लाडाने कांदाभजी घालतं. शिजवला म्हणून कांद्याचं विष जात नाही. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि आपण तर द्राक्षांच्याच गावात राहतो. हंगामात दारावर एक कागद लाव. बागांमध्ये मोरचुदाची, बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू असताना धनगरांचे वाडे तळाच्या गवतावर बसतात, तेही लक्षात ठेव. मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही. निफाडला असताना एका सकाळी मी बऱ्याच मेंढ्या पिवळ्या पडलेल्या पाहिल्या आणि रोग शोधत बसलो. बागायतदाराला विचारायचं सुचलं दुपारी.

तिसरी गोष्ट मुंडकं धरणाऱ्या पोराची. त्याच्या आईने त्याला तुझ्याकडे विश्वासाने धाडलंय. पुढचा पगार देण्याआधी त्याला, कंपाउंडरभाऊंना आणि तुला स्वतःला रेबीजची आगाऊ लस झालीय का बघ. गाय-म्हैस पिसाळते तेव्हा ती नेहमीच अंगावर येते असं नाही. लाळ गळते, घास गिळता येत नाही, आवाज बदलतो. शेतकरी म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय. पोरगा बाही सरसावून तोंडात हात घालतो. आमच्या पिढीत हे असंच चालायचं, आणि मागाहून कळलं की अख्ख्या दवाखान्याने सुया घ्यायच्या. तेव्हा नियम एक: लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात हातमोज्याशिवाय कोणाचाही हात जाणार नाही, आणि आधी विचारायचं, गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का? खरचटलं किंवा लाळ लागली तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग लगेच माणसांच्या दवाखान्यात. आगाऊ लस झाली असली तरी.

वार अडकलेली गाय आली की लांब हातमोजा हवाच, मग मालक कितीही घाई करो. गाभ टाकलेली असेल तर ब्रुसेलाचा संशय धरूनच जवळ जा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात ती एस-19 लस जिवंत जंतूंची असते. ती टोचताना सुई स्वतःला लागली तर ताप महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही, तेव्हा चष्मा आणि मोजे नसतील तर त्या दिवशी लसीकरण नको. आणि धडधाकट जनावर अचानक मेलं, पोट पटकन फुगलं, नाकातोंडातून काळपट न गोठणारं रक्त आलं, तर कोणी सुरी काढायची नाही. फाशी रोग असेल तर प्रेत उघडणं म्हणजे त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं जमिनीत पेरणं. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा, बस्स.

लम्पीचं वर्ष तुला आठवत असेल, तू शेवटच्या वर्षाला होतीस. ऑगस्ट 2022 मध्ये, त्या साथीत, आपल्या राज्यात तो आधी जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात चिनावलला दिसला. सप्टेंबरपर्यंत गुरांचे बाजार बंद. तेव्हा मी निवृत्त होतो, तरी फोन यायचे. दहातले सात गुरांबद्दल नसायचे: “दूध प्यावं का? पोरांना होईल का?” लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यावं, एवढी दोन वाक्यं. पण एका गोठ्यात डॉक्टरने एक सांगितलं, दुसऱ्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्याने दुसरं, आणि शेतकऱ्याने तिसरंच ऐकलं. दूध ओतून देणारेही निघाले. साथ आली की पहिल्याच दिवशी पाच प्रश्न आणि पाच उत्तरं एका कागदावर लिहून फोनशेजारी चिकटव. मुलीला पाठ नकोत, वाचून दाखवू दे. आणि गोठ्यात एका जनावराला एक सुई. लम्पी माश्या, डास, गोचीड पसरवतात, पण तीच सुई दहा गाईंना वापरणारे आपण त्यांच्यात जमा होतो.

तू मागितलेली यादी छोटी आहे. बंगळूरची ‘निवेदी’ ही संस्था पुढच्या दोन महिन्यांत कुठल्या जिल्ह्यात कुठल्या रोगाचा धोका आहे याचा अंदाज दर महिन्याला देते, तो बघून लसींची मागणी कर. केंद्र सरकारने 2024 मध्ये पशुधनासाठी उपचारांच्या प्रमाण मार्गदर्शिका काढल्या, त्या छापून खोड्याजवळ ठेव, कपाटात नको. मर्कचं पशुवैद्यकीय मॅन्युअल इंटरनेटवर फुकट आहे. शंकेचे नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठव, पण आधी फोन करून नमुना कसा हवा ते विचार. रक्त बर्फाच्या पेटीत जाऊ दे, गोठवू नकोस. तुला जमत नसेल तेव्हा शेतकऱ्याला 1962 नंबर दे, फिरतं पथक येतं. त्यात कमीपणा नाही. बाकी मासिकं हवी तेवढी लाव, हौस आहे.

आणि शनिवारी दुपारी अर्धा तास सगळे बसा. भाषण तू द्यायचं नाहीस. कंपाउंडरभाऊंना विचार, या आठवड्यात काय जास्त आलं? गाडीवाल्या पोराला विचार, वाटेवरच्या पाड्यात काय ऐकलं? तीन गावांत शेळ्या नाक गाळत खोकतात हे त्याला तुझ्याआधी कळलेलं असतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही, कारण आजवर कोणी विचारलं नाही. तसं काही निघालं तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला कळव. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याने यादीतल्या रोगांची खबर देणं बंधनकारकच आहे.

पुढच्या रविवारी येतोय. तुझी मामी पुरणपोळ्या बांधून देणार आहे आणि मी फ्रिजसाठी थर्मामीटर आणणार आहे. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. मागच्या खेपेला तुझ्या लसी मी फ्रिजच्या दारात, दह्याच्या डब्याशेजारी पाहिल्या होत्या. सगळ्यांसमोर बोललो नाही. आजच मधल्या कप्प्यात सरकव आणि दही घरी ने.

तुझा,
मामा