कोठीची किल्ली

हिंजवडीच्या शेजारचं जांबे. एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे उंच सोसायट्या; लग्नं मात्र अजून मांडवात लागतात. तिथल्या एका मंडपवाल्या काकांसाठी मी जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये भांड्यांच्या नोंदीचं छोटं ॲप लिहिलं होतं. किती पातेली गेली, किती परत आली, कुठल्याला पोचा पडला, एवढंच. माझ्या लॅपटॉपवर ते नटूनथटून चालायचं. सर्व्हरवर चढवलं, डीबग बंद केलं, पान उघडलं; तर रंग नाहीत, चौकटी नाहीत, नुसती काळी अक्षरं आणि निळ्या रेघा. काका डोकावून म्हणाले, "मांडव उभाय, पण झालर कुठंय?"

झालर होती, आणून देणारं कुणी नव्हतं. आपण शिकत-लिहीत असतो तोवर जँगो स्वतःच या-त्या फोल्डरातून सीएसएस, चित्रं शोधून पुढे करतो. डीबग बंद झालं की तो हे काम सोडतो. मग एक जागा ठरवायची, तिचा पत्ता स्टॅटिक रूट म्हणून लिहायचा आणि कलेक्टस्टॅटिक ही आज्ञा द्यायची. सगळ्या फायलींच्या प्रती तिथे गोळा होतात आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर त्या परस्पर वाटतो. २०११ साली आलेल्या १.३ आवृत्तीपासून ही सोय जँगोतच आहे.

"म्हणजे कोठी," काका म्हणाले. घरच्या चार माणसांचा स्वयंपाक असला की मीठ, गूळ ज्याने त्याने हात लांबवून घ्यावा. पाचशे पानं उठायची असली की एक खोली कोठीची होते. पत्रावळी, द्रोण, तेलाचे डबे तिथे, आणि दारात कोठीवाला. पत्रावळीसाठी आचाऱ्याला हाक मारायची नाही. त्याने कढई सोडायची नाही. जँगोनेही दर मागणीला नव्याने रांधावं लागतं तेवढंच बघावं.

"आणि आहेर?" मी विचारलं. मनात होते वापरणाऱ्यांनी चढवलेले फोटो.

"तो कोठीत कशाला? त्याची पेटी वेगळी."

जँगोतही त्याचं मीडिया फोल्डर वेगळंच असतं.

कोठी भरली, तरी पान बोडकंच. आता ४०३, म्हणजे आत यायला मनाई. फायली जागेवर होत्या, पण ती जागा माझ्या होम फोल्डरच्या आत, आणि त्याचं दार बाहेरच्यांना बंद. एनजिनएक्स वेगळ्या खात्याच्या नावाने चालतो. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरातून जायची मुभा त्याला लागते. कोठी तिथून बाहेर हलवली आणि पान सजलं.

काका हसले. "पंगत मालावाचून कमी खोळंबते. कोठीवाला किल्ली घेऊन वरातीत गेला, की हमखास खोळंबते."

रात्री घरी आलो तेव्हा हेच डोक्यात. विम्याचे कागद कुठल्या फाइलीत, प्लंबरचा नंबर काय, दुसरी किल्ली कुठल्या खिळ्याला, हे सगळं घरात एकट्या मलाच ठाऊक. दिवसातून दहा हाका येतात आणि प्रत्येक हाकेला मी धावतो. खरं सांगायचं तर, बरंही वाटतं. तेवढ्यात कढईत काय करपलं, ते बघायचं राहून जातं.