भांडायला माणूस घरातलाच लागतो

बारामती-इंदापूरकडच्या माणसाने जोडीतल्या भांडणावर लिहायला घेतलं की वाचक आधी राजकारणातली आडनावं शोधू लागतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख मांजर आणि उंदराचा आहे. कुणाला त्यातून आणखी काही काढायचंच असेल, तर त्याने ते आपल्या जबाबदारीवर काढावं.

फेब्रुवारी १९४० मध्ये अमेरिकेत एमजीएम कंपनीची ‘पुस गेट्स द बूट’ ही छोटी कार्टूनफिल्म आली. तिच्यात मांजराचं नाव जॅस्पर होतं आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं. टॉम आणि जेरी ही नावं नंतर पडली. त्याच वर्षी आपल्याकडे मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावं करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींनी आपल्या कथांतून ही जोडी त्याआधीच घराघरांत पोचवली होती. एक भित्रा आणि दुसरा दांडगा. हॉलिवूडमध्ये टॉम-जेरी घडवणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांना आपल्या चिमणरावांची खबर असण्याचं कारण नव्हतं. तरी दोन्हीकडची मेख एकच. या जोड्यांतला कुणीही एकट्याने उभा राहू शकत नाही. गुंड्याभाऊ शेजारी नसला, तर चिमणरावांची भीती दिसणार कशाच्या पुढे?

हॅना आणि बार्बेरा हीसुद्धा जोडीच. बार्बेरा चित्रं आणि खोड्या रचायचे, हॅना त्यांचा ताल सांभाळायचे. १९४० ते १९५८ या काळात दोघांनी टॉम-जेरीच्या ११४ फिल्म केल्या आणि सात ऑस्कर मिळवली. एवढ्या फिल्म पाठलागाच्याच, मग कंटाळा का येत नाही? माझ्या मते याचं उत्तर १९४३ च्या ‘द लोनसम माउस’मध्ये आहे. जेरी युक्ती लढवतो आणि घरातल्या बाईला टॉमला बाहेर काढायला लावतो. मग तो घरभर मनमुराद हुंदडतो. पण थोड्याच वेळात त्याला करमेनासं होतं. शेवटी तोच टॉमशी संधान बांधतो, त्याच बाईला घाबरवून सोडतो आणि मांजराला परत बोलावणं धाडायला लावतो. शत्रू गेला म्हणून उंदीर उदास होतो, ही गोष्ट सात-आठ मिनिटांच्या कार्टूनमध्ये येते. आपल्याकडे तीच सांगायला तीन अंकी नाटक लागलं असतं.

१९४८ च्या ‘द ट्रुस हर्ट्स’मध्ये टॉम, जेरी आणि बुलडॉग तहनाम्यावर सह्या करतात. काही काळ सगळं गुण्यागोविंदाने चालतं, एकमेकांची विचारपूस होते, शेजारी झोपणं होतं. पुढे वाटेत मांसाचा एक मोठा तुकडा सापडतो आणि वाटणीवरून तह मोडतो. ज्यावर भांडण जुंपलं तो तुकडा गटारात जातो आणि तहनामा फाटतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनावर वरच्या आणि शेवटच्या टोकाच्या गावांची बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी येईपर्यंत सगळे भाऊ. पाणी सुटलं की दारं कुणी किती वेळ उघडी ठेवली याचा हिशोब सुरू.

वॉर्नर ब्रदर्सच्या रॅल्फ लांडगा आणि सॅम मेंढपाळ कुत्रा यांचं मला विशेष कौतुक वाटतं. चक जोन्स यांनी १९५३ पासून त्यांना पडद्यावर आणलं. दोघे सकाळी घड्याळात कार्ड पंच करतात, एकमेकांना नमस्कार-चमत्कार करतात, दिवसभर एक मेंढ्या चोरायला धडपडतो आणि दुसरा त्याला बदडतो. संध्याकाळ झाली की पुन्हा कार्ड पंच करून दोघे आपापल्या घरी. भवानीनगर किंवा माळेगावच्या कारखान्यात पाळी बदलते तेव्हा भोंगा वाजतो. इथल्या माणसाला या विनोदाचा अर्थ लावत बसावं लागत नाही. वैर हे काम आहे, माणूस त्याहून वेगळा आहे, एवढंच जोन्स यांनी दाखवलं.

आता आपल्या मातीतली जोडी. तमाशात गण आणि गवळण झाली की बतावणी येते. तिच्यात सरदार असतो आणि सोंगाड्या असतो. सरदाराच्या अंगात सत्ता आणि सोंगाड्याच्या तोंडात जीभ. सरदार फर्मावतो, “मोहीम निघायचीय, घोडं सज्ज कर.” सोंगाड्या म्हणतो, “सज्ज करतो की सरदार, पण घोडं इचारतंय, मागच्या मोहिमेचा पगार कधी?” धाटणी अशी, शब्द दर रात्री नवे. गावात पाटलाने काय केलं, पाणी कुणी पळवलं, हे त्या रात्रीच्या बतावणीत आलेलं असतं. पुढ्यात बसलेल्या गावकारभाऱ्याला हसावंच लागतं, कारण उठून गेला तर घोड्याचा प्रश्न त्यालाच लागू पडतो.

सरदार मोठा आणि सोंगाड्या लहान, तरी बाजी लहानाचीच. पण सरदार संपत नाही, कारण तो संपला तर सोंगाड्याने बोलायचं कुणाशी? टॉम आणि जेरीचं गणित हेच आहे. त्या मांजर-उंदराला बहुतेक वेळा संवादही लागले नाहीत, म्हणून १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि केबल गावोगावी पसरली, तेव्हा आपल्या पोरांना ते विनाभाषांतर समजले.

जुनं ते सगळं सोनं असं मात्र म्हणवत नाही. टॉम-जेरीतल्या घर सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं चित्रण आज पाहवत नाही. पुढे काही फिल्ममध्ये ती बदलावी लागली. तमाशाच्या गवळणीत येणाऱ्या मावशीवरचे काही विनोदही आज गळ्याखाली उतरत नाहीत. कार्टूनमधल्या मारामारीने पोरं बिघडतात ही तक्रार मला तेवढी पटत नाही. ती तक्रार करणारेच पालक पुढच्याच तासाला टीव्हीवरच्या चर्चा आवडीने बघतात.

माझी तक्रार नव्या जोड्यांबद्दल आहे. ‘लोटपोट’ मासिकातले मोटू-पतलू २०१२ मध्ये निक वाहिनीवर आले. फुरफुरी नगरात दोघे मित्र, संकट आणणारा जॉन वेगळा. २००८ पासूनच्या छोटा भीमच्या ढोलकपुरातही बहुतेक संकटं बाहेरूनच येतात. मित्र मित्रच राहतात, दुष्ट माणूस कुणी तिसराच. मुलाला यातून एवढंच कळतं की आपले चांगले आणि वाईट ते बाहेरचे. जुन्या जोड्यांत खलनायक नव्हता. टॉम-जेरीत तर जो खोडी काढायचा, तोच रात्री त्याच छपराखाली असायचा. घरातल्याशी भांडूनही घर राहतं, हे मुलाला कुणी सांगावं लागत नव्हतं, ते दिसत होतं.

बतावणीही हल्ली आखडती घेतात. प्रेक्षकांची गाण्यांची फर्माईश लवकर येते. नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्यांत पाडव्याच्या सुमारास गावकारभारी सुपाऱ्या ठरवतात, तेव्हा सौद्यात बतावणीचं नाव निघाल्याचं माझ्या कानावर फारसं आलेलं नाही.

म्हणून मराठीत ॲनिमेशन करण्याची हौस असलेल्या तरुणांना माझी विनंती आहे. चैत्रात एखाद्या जत्रेत जाऊन बतावणी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. सरदाराला ढाल-तलवार द्या, सोंगाड्याला काठी द्या आणि दोघांना एकाच वाड्यात ठेवा. तिसरा शत्रू शोधायला जाऊ नका, गोष्ट त्या दोघांत पुरते.