गच्चीवरची पांढरी साडी

मार्च लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर जुनी पांढरी साडी अंथरली जाते आणि सकाळी दहाच्या आत तिच्यावर कुरडयांच्या रांगा लागतात. साडेदहाच्या सुमाराला आकाशातूनही पाहणी होऊ शकते. २७ नोव्हेंबर २०१९ ला सोडलेला भारताचा टेहळणी उपग्रह कार्टोसॅट-३ साधारण हीच वेळ धरून फिरतो.

५०९ किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांजवळून जाणारी त्याची एक फेरी सुमारे ९५ मिनिटांची. तेवढ्यात पृथ्वी खालून पूर्वेकडे वळलेली असते, म्हणून दर फेरीला नवा पट्टा दिसतो. विषुववृत्तापाशी पृथ्वी थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षा रोज जवळजवळ एक अंश फिरते आणि सूर्याशी तिचा मेळ वर्षभर टिकतो. त्यामुळे तो कधीही आला तरी घड्याळातली वेळ तीच. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते, आणि मागच्या खेपेला नसलेली सावली दिसली की तिथे काहीतरी नवं उभं राहिलंय हे कळतं.

अंगण झाडत जावं तसा त्याचा कॅमेरा जमीन ओळीओळीने टिपत जातो, सेकंदाला सुमारे सात किलोमीटर. अडीच-तीन किलोमीटर लांबीचा आमचा किल्ला अर्ध्या सेकंदात संपतो. सर्वांत बारीक ठिपका २५ सेंटीमीटरचा. म्हणजे साडी वीसेक ठिपके लांब, चार-पाच रुंद. कुरडया त्यात विरून जातात. तो पांढरा पट्टा वाळवणाचा, हे सांगायला असल्या घरात वावरलेलं माणूसच लागतं.

मोठ्या चित्रांचंही तसंच. २६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातल्या बालाकोटवरच्या भारताच्या हवाई हल्ल्यासाठी मिराज-२००० विमानं ग्वाल्हेरच्याच तळावरून उडाली. पुढे खासगी कंपन्यांची उपग्रहचित्रं आली आणि वाद पेटला. तिथल्या इमारतीचं छप्पर शाबूत, म्हणजे काहीच झालं नाही, असं एक बाजू म्हणाली. बॉम्ब छपरातून आत शिरून फुटतो, असं दुसरी. चित्र तेच होतं, आणि त्यात छप्परच दिसत होतं. उपग्रहांवर आपण खर्च करतो तो करावाच. पण चित्र वाचणारी आणि त्या मुलखाची भाषा, घरं, वहिवाट ओळखणारी माणसंही तितक्याच निगुतीने घडवायला हवीत.

आमचा किल्लाही आधी पायी फिरणाऱ्यांनीच पाहून ठेवला होता. ऑगस्ट १७८० मध्ये तो महादजी शिंद्यांकडे होता. तटावरच्या पहारेकऱ्याला कोसन् कोस मैदान दिसायचं, पायाखालचा कडा तेवढा दिसायचा नाही. त्या कड्याची वाट मुलखातल्या वाटमाऱ्यांना ठाऊक होती. त्यांनी ती इंग्रज कॅप्टन पोफमच्या माणसांना दाखवली. पाय घसरू नये, चाहूल लागू नये म्हणून कापूस लावलेले जोडे घालून ती माणसं रात्री चढली, आणि उजाडेपर्यंत तटाच्या आत होती.