खराटा कुणाच्या हातात?

हे लिहिताना मी दुसऱ्या कुणाची झडती घेत नाही. माझी स्वतःचीच घेतोय.

नेरूळच्या एका कॉलेजात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. कॉलेजचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. १४ एप्रिलला कॅम्पसला कुलूप असायचं. सुट्टी म्हणजे सुट्टी. दोन वर्षं आम्ही चार-सहा पोरं मागे लागलो, तेव्हा कुठं बाबासाहेबांची जयंती आत करायला परवानगी मिळाली. अट एकच : कार्यक्रम 'सगळ्यांना आपला वाटेल' असा हवा. भाषणं नकोत, भाषणांनी वाद होतात. त्यापेक्षा समाजोपयोगी काहीतरी करा.

आम्ही कबूल झालो. रक्तदान ठरलं, वृक्षारोपण ठरलं (एप्रिलच्या उन्हात! ती रोपं मे महिन्यातच वाळली) आणि स्वच्छता अभियान ठरलं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यांचेही तास भरणार होते. सगळे खूश.

सकाळी साडेसातला आम्ही गेटबाहेर जमलो. नवे हातमोजे, पांढऱ्या टोप्या, बॅनरवर बाबासाहेब. पण रस्ता चकचकीत. सफाईवाल्या मावशी पहाटे पाचलाच झाडून गेल्या होत्या. पानांचा, कागदांचा ढीग कोपऱ्यात लावलेला. फोटोत कचरा दिसेना. मग कुणीतरी म्हणालं, ढीग जरा पसरवा.

तो ढीग मी पसरवला. मावशींचाच खराटा मागून घेतला आणि त्यांनी गोळा केलेला कचरा त्यांच्यासमोर पुन्हा रस्त्यावर आणला.

फोटो झाले. मावशी झाडाखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "झालं का दादा? द्या खराटा. मुकादम यायच्या आत परत झाडून काढते."

मी विचारलं, "मावशी, आज जयंती. तुम्ही कामावर कशा?"

"आमच्या वस्तीत पण वंदना हाय सकाळची. पर खाडा केला तर रोज कापत्यात. सुट्टी तुमाला, आमाला कुठली?"

त्यांच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचा बिल्ला होता. तो मी तोपर्यंत पाहिलाच नव्हता.

आता प्रश्न. त्या दिवशी मी वाईट काय केलं? कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट घरी जाताना मला बरं वाटत होतं. आपण चांगलं काम केलं असं वाटत होतं. मला त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते.

सेवा करणाऱ्याला बरं वाटतं, कारण ती कधी करायची, किती करायची, कुठं थांबायचं हे तोच ठरवतो. तासाभराने हातमोजे काढून टाकता येतात. हक्काचं तसं नाही. हक्क समोरचा मागतो आणि द्यावाच लागतो. म्हणून सेवेला कुणाची हरकत नसते आणि हक्काचा विषय काढला की 'वाद होतात'.

हा भेद बाबासाहेबांना नीट ठाऊक होता. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून बाबासाहेबांनी त्या संस्थेच्या ठक्करबाप्पांना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी लांबलचक पत्र लिहिलं. मतलब असा : माणसं वाईट म्हणून त्यांची स्थिती वाईट, असं समजून त्यांना सुधारत बसू नका. परिस्थिती बदला. गावच्या विहिरीवर, शाळेत, चावडीत, सार्वजनिक वाहनात आमच्या लोकांना हक्क मिळवून देण्याची मोहीम काढा. त्यात डोकी फुटतील, तरी काढा. या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. संघाने पुढे वाट धरली ती सेवेची.

आणि महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळं साफ करायला गेले असते, तर कुणी दगड उचलला असता? हार घातले असते. ते पाणी प्यायला गेले. जे तळं नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुलं केलं होतं, त्याचं पाणी. म्हणून डोकी फुटली. आणि स्वच्छता अभियान तिथंही झालं बरं का! शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तेव्हा नुसती स्वच्छता म्हणू नका. कोण साफ करतो, कशासाठी करतो, तेही विचारा.

ही गोष्ट आपल्याच देशातली नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेतल्या काळ्यांकडे बघा. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. सुमारे १३०० काळे कामगार संपावर गेले. गळ्यात पाट्या : मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभं राहायला मार्टिन ल्यूथर किंग तिथं गेले आणि ४ एप्रिलला तिथंच त्यांना गोळी घातली. १९८३ साली त्यांच्या जन्मदिनाची सुट्टी कायद्याने ठरली आणि १९९४ साली तो दिवस राष्ट्रीय सेवादिन झाला. आता त्या दिवशी कॉलेजची पोरं उद्यानं झाडतात, भिंती रंगवतात. सफाई कामगारांच्या संपात मेलेल्या माणसाच्या नावाने झाडू! आमच्या गेटबाहेर वेगळं काय घडलं?

एक मित्र मला म्हणाला, "तू टोकाला जातोस. रक्ताच्या बाटलीने कुणाचा तरी जीव वाचतोच ना? आणि बाबासाहेबांनी वसतिगृहं काढली, कॉलेजं काढली, ती सेवा नव्हती काय?"

मित्राचं खरं आहे. रक्त द्यावंच. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं, आणि त्याच सभेची माणसं दोन वर्षांनी महाडला होती. म्हणजे वसतिगृह आणि तळं ही एकाच हाताची कामं. वसतिगृहातून लढणारी पोरं घडायची होती. ती सेवा लढ्याच्या वाटेवरची होती. आमची सेवा लढ्याच्या बदल्यात होती. परवानगीसाठी आम्ही बाबासाहेबांमधलं टोचणारं तेवढं काढून गेटवर ठेवलं आणि उरलेले बाबासाहेब आत नेले. हा दोष मॅनेजमेंटवर ढकलून मी सुटणार नाही. अट त्यांनी घातली, पण सही आम्ही केली.

पुढच्या वर्षी आम्ही अर्जात एकच मागणी लिहिली : कॅम्पसवरच्या कंत्राटी सफाई कामगारांना १४ एप्रिलची भरपगारी सुट्टी द्या. बाकी कार्यक्रम तुम्ही म्हणाल तो. उत्तर आलं, तो ठेकेदाराचा विषय आहे, रक्तदानाची तारीख कळवा.

रक्तदान आम्ही केलं. खराट्याला मात्र हात लावला नाही. दुपारी कामगारांसोबत सावलीत बसलो आणि वहीत लिहून घेतलं : पगार हातात किती पडतो, पावती मिळते का, फंड कापतात तो भरतात का, हातमोजे कधी मिळाले, पाणी कुठं पिता, संडास कुठला वापरू देतात. शेवटच्या प्रश्नाला बायका गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, "स्टेशनला जातो." ज्या इमारतीतले संडास त्या रोज धुतात, तिथली ही गोष्ट.

त्या दिवशी मला बरं वाटलं नाही. जयंतीच्या दिवशी बरं न वाटणं हेही एक वंदन असावं, असं मला आता वाटतं.

दोस्तांनो, येत्या जयंतीला तुमच्या कॉलेजात काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी एवढं बघा, की तुमच्या कार्यक्रमाला हरकत घेणारा एक तरी माणूस आहे का. एकही नसेल, तर पत्रिका पुन्हा वाचा. त्यातून बाबासाहेब गळालेले असतील.

जय भीम.