शीतळादेवी आणि सुई

आजार देवाच्या इच्छेने येत असेल, तर बाळाला लस टोचणं हा देवाचा अवमान होतो का? १७२२ साली लंडनमध्ये एडमंड मॅसी या धर्मोपदेशकाने चर्चमध्ये उभं राहून देवी रोगाच्या टोचणीबद्दल ‘होतो’ असंच सांगितलं; लस तेव्हा यायची होती. रोग ही ईश्वराने पाठवलेली कसोटी किंवा शिक्षा. ती चुकवणं पाप. गंमत अशी, की वर्षभर आधी बोस्टनमध्ये टोचणीचा कैवार घेणारा कॉटन मॅदरही धर्मोपदेशकच होता.

बंगालमधले टीकादार, म्हणजे देवी टोचणारे, या वादात पडलेच नाहीत. अठराव्या शतकात ते देवीच्या फोडातला द्रव मुलांच्या हातावर टोचत आणि या रोगाची देवता शीतळा हिची पूजाही करत. टोचणीत जोखीम होतीच. इंग्लिश डॉक्टर जेन्नरची अधिक सुरक्षित लस १८०२ मध्ये मुंबईत आली. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला.

मॅसी म्हणतो तशी कसोटी श्रद्धेची असेल, तर ती आईबापांची. ताप मात्र मुलाला येतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. मॅसीच्या युक्तिवादातली ही फट फार मोठी आहे.

देवीचा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. श्रावणातली शीतळासप्तमी राहिली. चूल न पेटवता आदल्या दिवशीचं अन्न खाण्याची रीतही राहिली. त्यात बिघडलं काहीच नाही.

गोवर मात्र अजून आहे. २०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडीत, त्याची साथ आली. पुरळ उठल्यावर उशाशी कडुलिंबाचा पाला खुशाल ठेवावा, पण डॉक्टरही गाठावा. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत.